कन्नडमधली परवानगी

"सिस्टर, तुम्हाला सुई टोचायची परवानगी कुणी दिली?"

तेजस्वीनं विचारलं आणि दहावी ‘ब’चा अख्खा वर्ग तिच्याकडं वळला. मधल्या सुट्टीत केतकीनं पैज लावली होती, पाहुण्यांना हे विचारून दाखव, खिडकीजवळची जागा आठवडाभर तुझी. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही तेजस्वीचा आवाज घशात अडकायचा. पण गॅदरिंगला सूत्रसंचालन केलं तेव्हापासून तिला जो कंठ फुटला, तो आता मिटायचं नाव घेत नव्हता.

पद्मजा सिस्टर बेळगावच्या एका दवाखान्यातून शाळेत नर्सिंगची माहिती द्यायला आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. उलट विचारत्या झाल्या, "मराठीतली परवानगी की कन्नडमधली?"

सिस्टर फिरकी घेतायत असं तेजस्वीला वाटलं. पण त्या खरंच सांगत होत्या. मराठीत परवानगी आई देते, मैत्रिणीकडं जायला. तोच शब्द कन्नडमध्ये गेला की सरकारी होतो, म्हणजे लायसन. सिस्टर जांबोटी गावच्या, मराठी घरातल्या. पहिल्या नोकरीच्या कन्नड अर्जात ‘परवानगी’ असा रकाना होता, तिथं त्यांनी भाबडेपणानं लिहून टाकलं होतं, ‘वडिलांची आहे.’

वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मग सिस्टरनी पर्समधून एक साधं कार्ड काढून दाखवलं. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्यांचं नाव आहे, त्याचा नंबर त्यावर होता. नर्सच्या कामात ही नोंदणी हीच परवानगी, आणि चुकीचं वागलं तर नाव काढूनही टाकतात. डायलिसिसचं सर्टिफिकेट त्यांनी नंतर घेतलं, ते घरात भिंतीवर टांगलंय. ते नसतं तरी त्या नर्सच राहिल्या असत्या. हा नंबर नसता, तर भिंतभर सर्टिफिकेटं टांगूनही नाही.

तेजस्वीचं हसू तिथंच थांबलं. तिच्या दप्तरात एक पत्रक होतं. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, निपाणीच्या एका संस्थेतून आणलेलं. ‘एका वर्षात नर्सिंग सर्टिफिकेट. नोंदणीकृत.’ फॉर्मवर आज संध्याकाळी सही व्हायची होती, आणि पोरगी वर्षात नर्स होणार, हे आप्पांनी अर्ध्या गावाला, अर्ध्या हिंडलग्याला सांगूनही झालं होतं.

तास संपल्यावर तिनं सिस्टरना व्हरांड्यात गाठलं. त्यांनी पत्रक चष्मा वर सरकवून वाचलं आणि अगदी खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

"ही नोंदणी संस्थेची हाय बाळ. तुझी न्हवं."

अशा कोर्सच्या मुली दवाखान्यात मदतनीस म्हणून मनापासून राबतात, त्या म्हणाल्या, पण नर्सच्या यादीत त्यांचं नाव चढत नाही. तेजस्वीला यादीत यायचं होतं. केतकी मागून खिडकीची जागा, खिडकीची जागा म्हणून ओढत होती, तरी तिचं लक्ष नव्हतं.

घरी आप्पा पेन घेऊन फॉर्मसमोर बसले होते. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तेजस्वीनं दप्तरही न उतरवता ती बारीक ओळ दाखवली.

"नोंदणीकृत हाय की गं," आप्पा म्हणाले, "मोठ्या अक्षरात छापलंय."

"ती त्यांची हाय आप्पा. उद्या कुणी माझा नंबर विचारला तर त्यांच्या बोर्डाचा फोटो दाखवू व्हय?"

आई फसकन हसली, शेंग हातातनं निसटली. आप्पांनी ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, एकेक अक्षर. अर्ध्या हिंडलग्याला आता काय सांगायचं, एवढंच ते पुटपुटले. पण पेनाचं टोपण त्यांनी परत बसवलं होतं.

तेजस्वीनं गॅदरिंगला माइकसमोर घेतला होता तसा श्वास घेतला.

"मी निपाणीला जात न्हाय. दहावीनंतर दोन वर्षं पीयूसीला सायन्स घेणार, मग चार वर्षं नर्सिंग. सांगा हिंडलग्याला, पोरगी उशिरानं येतीया, पण नंबर घिऊन. मराठीतली परवानगी तुम्ही दोघं आज द्या. कन्नडमधली मी आणते."