आंदणाचा पलंग

तृप्तीच्या लग्नात कवडू सुताराने आपल्या हाताने पलंग करून दिला होता. सौंसरच्या मांडवात पाहुणे त्यावर टिचक्या मारून पाहत होते आणि कवडूची छाती फुगत होती. दुसरं वर्ष सरायच्या आत बोरगावहून जावयाचा, वीरेंद्रचा, फोन आला, "मामाजी, पलंग लयच हालून राहिला. पाहून जा ना एकदा."

हत्यारांची पिशवी घेऊन कवडू बसमध्ये बसला खरा, पण मन खात होतं. पलंग का हलतो ते त्याला पाहायची गरजच नव्हती. तृप्तीसाठी तीन उन्हाळे वाळवलेलं सागवान त्याने ऐन लग्नसराईत पांढुर्ण्याच्या एका बड्या गिऱ्हाइकाच्या दिवाणाला लावलं, आणि पोरीचा पलंग ओल्या लाकडात ठोकून वरून चकचकीत पॉलिश मारलं. परक्यांची कामं चोख करणाऱ्या माणसाने धूळ फेकली ती पोटच्या पोरीच्या डोळ्यांत!

बोरगावला पोचल्यावर विहीणबाई सुनंदाबाई चहा घेऊन आल्या. "तृप्ती म्हणते, आमची फरशीच उंचसखल आहे. चार पाहुण्यांसमोर म्हणाली हो! तवापासून मी तिच्याशी धड बोलली नाही." तृप्ती खाली मान घालून उभी होती.

त्या आत गेल्यावर कवडूने पलंग उलटा केला. लाकूड आक्रसून सगळे सांधे ढिले पडले होते. पण खाचांत कोणीतरी आधीच बारीक पाचरी ठोकल्या होत्या. वेड्यावाकड्या, पण बरोबर जागी.

"तू ठोकल्या?"

"हाव. तुमच्याच दुकानात वाढली मी, बाबा. ओल्या लाकडाचा वास मले मांडवातच आला होता."

कवडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडवात ही पोरगी त्याच पलंगाला टेकून हसत फोटो काढून घेत होती.

तो कामाला लागला. सांधे उकलले, सोबत आणलेल्या वाळक्या सागाच्या पाचरी बसवल्या, कोपऱ्यांत आधाराला लाकडाचे गुटके ठोकले, खालून आडवी पट्टी मारली. पलंग सरळ केला. आता तो तसूभर हलेना.

"म्हणजे फरशी त बरोबरच होती," आतून परत आलेल्या सुनंदाबाई सुनेकडे पाहत म्हणाल्या.

तृप्ती तोंड उघडणार, तोच कवडू बोलला, "फरशी बी बरोबर होती, विहीणबाई, अन् पोरगी बी. लाकूड ओलं होतं. मले माहीत होतं, तरी लावलं. तिनं बापाची अब्रू झाकली."

सुनंदाबाई पलंगावर बसल्या आणि हात धरून त्यांनी तृप्तीला शेजारी बसवून घेतलं. कवडूला बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. तोही उभाच राहिला.