क्लॅरिनेटपुढे कैरी

शाळेच्या स्नेहसंमेलनात हातात माइक आला आणि डिंपलची भीड जी चेपली, ती कायमचीच. म्हणून तर एरंडोलच्या लग्नाला निघालेल्या बँडच्या गाडीत ती कुणालाही न विचारता चढून बसली.

"ही कुठे?" बँडचे मालक योगराजभाऊ खेकसले.

"पप्पांची बाटली धरायला!"

पप्पा म्हणजे लोटन. त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं की धुळ्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचायच्या. पण ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटायची, ओठ क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेल्या पत्तीला चिकटायचे आणि सूर मध्येच चिरकायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी सोडायची नाही. आणि कोरडीवर लगेच दुसरी गोळी नको. घोट घोट पाणी प्या, बिनसाखरेचं च्युइंगम चघळा, श्वास नाकाने घ्या, चहा कमी करा. सारखं आंबट चोखू नका, दात झिजतात."

पप्पांनी सगळं केलं. घरी बरं वाटायचं. पण क्लॅरिनेट तोंडात असताना पाणी पिणार कधी आणि च्युइंगम चघळणार कुठे?

गाडीतून उतरताना योगराजभाऊंनी सुनावलंच, "लोटन, आज सूर फाटना ते उद्यापासून खुळखुळा धरजो. क्लॅरिनेट शिरपूरना पोऱ्याले देसू."

पप्पांनी बाटलीतून एक घोट घेतला. डिंपलने झाकण करकचून आवळलं. वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस खुळखुळा हलवणार?

ऊन कलतं झालं तरी एरंडोलचा रस्ता तव्यासारखा तापलेला. मारुतीच्या पारापासून नवरदेवाची मिरवणूक निघाली. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात सूर चिरकला, तसा नवरदेवाचा मामा ओरडला, "हाऊ बँड शे का भोंगा?" लोक खो खो हसले. योगराजभाऊंनी पेटीतला खुळखुळा बाहेर काढून ठेवला!

तेवढ्यात पाच-सहा कार्टी बँडसमोर येऊन उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात तिखट-मीठ लावलेली कैरी. चटक चटक आवाज काढत, डोळे मिचकावत खाऊ लागली. जुनाच चावटपणा! वाजवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि फुंकच बसत नाही. ट्रम्पेटवाल्या भिकाकाकांचा सूर तर फुर्रकन फुटला.

"पया रे! बँडपुढे कैरी खातस का?" योगराजभाऊ धावले. पोरं पांगली.

पण डिंपलने पप्पांकडे पाहिलं होतं. त्यांनी आवंढा गिळला होता! नुसती कोरडी घशाची कसरत नाही, चांगला ओला आवंढा! आणि कैरी तर त्यांनी तोंडातही घातली नव्हती. मग दात झिजणार कसे?

"परत या रे!" ती अशी किंचाळली की घोडी बिचकली. "या! खा! पण फक्त माझ्या पप्पांसमोर!"

"ए आंडेर, ए पोरी, काय करी राहिनी तू?" योगराजभाऊंनी कपाळावर हात मारला.

"भाऊ, एकच गाणं! नाही जमलं तर परत जाताना मला गाडीत घेऊ नका!"

तिने एका पोराच्या हातातली फोड ओढली आणि क्लॅरिनेटसमोर उलट्या पावलांनी चालायला लागली. दाताखाली कचकन फोडली. आई गं, काय आंबट! तिचा एक डोळा मिटला, खांदे कानाला भिडले, तोंडाचा चंबू झाला. पोरंही मागे राहिनात. भिकाकाकांनी ट्रम्पेट धरून सरळ पाठ फिरवली आणि ते नवरदेवाकडे तोंड करून वाजवू लागले.

पप्पांचे डोळे हसले. ओठ ओले झाले. पत्तीवर ते नीट बसले आणि सूर निघाला, असा लांब, असा गुळगुळीत, की वरमाई घोडीपुढे नाचायला आली आणि मामाने शेला डोक्याला बांधला. डिंपल खात होती, नाचत होती, धोंड्यांना ठेचकाळत होती. तिचे दात आंबले, तरी थांबायला तयार नव्हती.

मांडव दिसायला लागला तसं पप्पांनी क्षणभर क्लॅरिनेट काढलं आणि हनुवटी पुसली.

"बस वं बेटा, आते ऊतू जाई राहिनं!"

आणि कुणी फर्माईश करायच्या आत त्यांनी आपणहून पुढचं गाणं उचललं. योगराजभाऊ ढोलवाल्यांवर ओरडले, "बघत काय उभे राहिलात? लोटन पुढे गेला ना!"