सुकन्याबाईंच्या उजव्या पायाचा बूट

बोलणारा मी उजव्या पायाचा बूट. डावाही शेजारीच आहे, पण त्याला बोलण्याची हौस नाही. जोडीत एकानं तरी तोंड उघडायला हवं, म्हणून ही हकिकत मी सांगतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. उग्र वास, यंत्रांचा खडखडाट आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच लक्षात आहे. झाकण उघडलं तेव्हा आम्ही कलबुर्गीतल्या एका दुकानात होतो आणि समोर दोघी बहिणी बसल्या होत्या.

थोरली रेणुका, कलबुर्गीतच राहणारी. साखरेच्या आजारानं तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. धाकटी सुकन्या, गाणगापुरात पुजाऱ्यांच्या घरी दिलेली आणि तिथल्याच शाळेत गणिताची बाई. अंगानं चांगली भरलेली. त्याच आठवड्यात तिच्याही रक्तात साखर निघाली होती. दुकानदारानं आम्हाला तिच्या पायांत चढवलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माणसाचं पाऊल भीतीनंही गार पडतं.

"अक्का, मला पळता येतंय व्हय गं? लोक हसतील की," सुकन्याबाई म्हणाल्या.

"हसू दे. माझा पाय गेला तवा कोण हसलं न्हाई, काय उपेग झाला?" रेणुका म्हणाली. "थंडीत हितं एकवीस किलोमीटरची शर्यत हाय. तू पळून दाखव. मी शेवटाला बसून बघते."

अशी आमची गाणगापुरात रवानगी झाली. दत्ताच्या या गावात पादुकांची पूजा होते, लांबून लांबून लोक येऊन त्यांच्यापुढं डोकं टेकतात. म्हटलं तर पादुका आमच्याच भाऊबंद. पण थोर नातेवाइकाची ओळख सांगून कुणाला माजघरात जागा मिळाली आहे? आमची जागा उंबऱ्याबाहेर, पायरीच्या कडेला. तक्रार नाही. तिथून घरात येणारं-जाणारं सगळं दिसतं.

पहाटे नद्यांच्या संगमाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं पळणं सुरू झालं. पहिले काही दिवस विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं आणि तिसऱ्यापर्यंत धापा टाकत चालायचं. लॉजवाले दात घासता घासता विचारायचे, "बाई, गाडी चुकली का काय?" हळूहळू ते विचारेनासे झाले. मग तुरीच्या शेतांच्या कडेनं आम्ही न थांबता संगम गाठू लागलो. त्या दिवसांत मला बूट असल्याचा खरोखर अभिमान वाटायचा.

पण माणसाला एका औषधानं समाधान नसतं. मोबाइलवर कुणी एक गृहस्थ रोज ओरडून सांगायचा की भाकरी, पोळी, भात हे सगळे शत्रू आहेत. सुकन्याबाईंना ते पटलं. काकडी आणि मोड आलेले मूग, यावर त्या राहू लागल्या. साखर उतरवणारी गोळी चालूच होती. डॉक्टरांना मात्र यातलं काही विचारलं नाही.

अडचण होती ती सासूबाईंची. इंदुताईंच्या घरात ताटात भाकरी ठेवून उठायची कुणाची प्राज्ञा नव्हती. "पळायलीस तर पळ, पण खाऊन पळ," असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. त्यावर सुकन्याबाईंनी काढलेली युक्ती फक्त गाणगापुरातच चालू शकते.

दुपारी देव स्वतः कुणाच्या तरी रूपात इथं भिक्षेला फिरतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून गाड्या घेऊन आलेले भरल्या घरचे यात्रेकरूही झोळी पसरून पाच घरं मागतात. याला माधुकरी म्हणतात. मागणाऱ्याला कुणी नाव-गाव विचारत नाही, रिकामं पाठवत नाही, आणि मिळालेलं अन्न कुणी टाकत नाही. शाळा जवळच, त्यामुळे सुकन्याबाई जेवायला घरी यायच्या. दारात "भवति भिक्षां देहि" ऐकू आलं की स्वतःचं ताट घेऊन उठायच्या आणि आपल्या वाट्याची भाकरी झोळीत घालून मोकळ्या व्हायच्या. माझ्या डोक्यावरून ती भाकरी रोज बाहेर जायची.

इंदुताई तर हरखून गेल्या. "आमची सून तोंडातला घास काढून देती बघा," असं गल्लीभर सांगत सुटल्या. चोरी पकडली जाते, पण पुण्याच्या पदराखाली काय झाकलंय ते कोण बघणार?

वजन भराभर उतरलं. घरातला वजनकाटा खूश, सुकन्याबाई खूश. काट्याला आकडा कळतो, पाऊल कळत नाही. हलकं झालेलं पाऊल आणि ढिलं पडलेलं पाऊल यांतला फरक मला कळत होता. टाच घासू लागली, बोटं आत आक्रसून घट्ट राहू लागली. पण बुटाचं ऐकतो कोण?

पौर्णिमा आली. घरी पाहुण्यांची रीघ, त्यामुळे सकाळ चुलीपाशीच गेली. लांब पळायचा दिवस चुकवायचा नाही म्हणून सुकन्याबाई उन्हातच स्टेशनच्या रस्त्याला निघाल्या. गोळी घेतली होती, पोटात काही नव्हतं. परतताना गावाच्या कडेला त्यांचे पाय लटपटू लागले. हात थरथरत होते, घाम थांबेना. समोर जे पहिलं घर दिसलं त्याच्या पायरीवर त्या मटकन बसल्या. ओढणी सोडून मांडीवर टाकली आणि हात उघडेच गुडघ्यांवर पडले.

घर बाणूबाईंचं. दीर-भाऊ मेंढरं वळायचे, आता शेती करतात. दुपारची वेळ, पौर्णिमा, मांडीवर पसरलेली ओढणी. बाणूबाईंनी बघितलं, आत गेल्या आणि ज्वारीची भाकरी, वर पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी घेऊन बाहेर आल्या.

"मी... मी मागायला न्हाई..." सुकन्याबाई पुटपुटल्या.

"बोलू नको माय. लाजायचं काय त्यात? मोठमोठे मागत्यात," असं म्हणून बाणूबाईंनी भाकरी ओढणीत ठेवली आणि हात जोडले.

देणाऱ्या घरची सून ती. आजवर घेणाऱ्याच्या बाजूला कधी बसली नव्हती. पण माधुकरीची भाकरी टाकता येत नाही, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? तिनं तुकडा मोडला. मग दुसरा. मग भाजी-भाकरीबरोबर डोळ्यांतलं पाणीही तोंडात जाऊ लागलं. थोड्या वेळानं माझ्या आत तिची बोटं सैल झाली. कित्येक दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

पाणी देताना बाणूबाईंनी तिचं तोंड नीट पाहिलं आणि दचकल्या. "अगं बया! तू तर पुजाऱ्याची सून! आन् मी तुला भिक्षा घातले की!"

"बाणूबाई," सुकन्याबाई म्हणाल्या, "अजून आर्धी हाय का?"

घरी आल्यावर त्यांनी उंबऱ्यातच सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

"मी गल्लीभर तुझं पुण्य सांगत फिरायले," इंदुताई म्हणाल्या, "आन् तू मलाच फसवायलीस? देव दारात येतो ते खरं गं. पण उपाशी लेकराच्या ताटातलं त्याला तरी गिळंल का?" मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पान वाढायला आत गेल्या.

पुढं डॉक्टरांना विचारून जेवण ठरलं. गोड बंद, भात थोडा, भाकरी चालू. वजन सावकाश उतरू लागलं, साखर मात्र आटोक्यात आली.

थंडीत शर्यत झाली. आमचा नंबर विचारू नका. शेवटची कमान उतरवायला माणसं शिडी घेऊन आली होती आणि चाकाच्या खुर्चीत बसलेली रेणुका त्यांच्याशी भांडत होती, "थांबा हो अण्णा, माझी बहीण यायलीय!" कमान तेवढी थांबली. आम्ही तिच्याखालूनच गेलो.

नंतर रेणुकाला नकली पाय बसला. बसवणाऱ्यानं सांगितलं, मऊ, वापरून रुळलेले बूट घाला, नवे टोचतील. दोघींचं माप एकच, म्हणून सुकन्याबाई आम्हाला कलबुर्गीला घेऊन आल्या. सोबत आलेल्या इंदुताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "दुसऱ्याची वहाण घालू न्हाई. त्याची पीडा आपल्याला लागती."

"लागू द्या की," रेणुका म्हणाली. "तिला पळायची पीडा हाय."

तेव्हापासून मी थोरल्या बहिणीकडं आहे. माझ्यात जिवंत पाऊल आहे, डाव्यात नाही, पण चालताना भार दोघांनाही उचलावा लागतो. जाता जाता एवढंच सांगतो: पळा, बारीक व्हा, पण आपल्याच पोटाला दारातून रिकामं पाठवू नका.

काल सुकन्याबाई आल्या होत्या. त्यांच्यासोबत रेणुका नकली पायावर पहिल्यांदाच फाटकाबाहेर निघाली. सुकन्याबाईंना आता हळू चालणं जमत नाही, त्या सवयीनं पुढं गेल्या.

"सुकन्या, थांब की गं!" रेणुका मागून ओरडली. "कामून पळायलीस? मी बी यायलेय."

सुकन्याबाई थांबल्या. मागं वळल्या नाहीत, नुसतेच डोळे पुसत राहिल्या. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्या तशाच उभ्या होत्या.