शुक्रवारचं दुकान

लॅपटॉप मी दुसऱ्याच शुक्रवारी निवडला होता. राखाडी रंगाचा, चौदा इंची, चार्जर धरून पावणेदोन किलोंचा. तो सगळ्या कसोट्यांना उतरत होता. तरी चौथ्या शुक्रवारपर्यंत मी अब्बांना त्यात खोट सांगत राहिले.

अब्बा मस्कतला एका गोदामात काम करतात. मी दोन महिन्यांची असताना ते गेले. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची रजा. आतापर्यंत आठ रजा झाल्या, म्हणजे तीनशे साठ दिवस. ते गेल्यापासूनच्या अठरा वर्षांत आम्ही एका घरात जेवढे राहिलो त्याचं एक वर्षही भरत नाही, पाच दिवस कमी पडतात. यंदा जूनमध्ये ते स्वतः लॅपटॉप घेऊन येणार होते. कंपनीने रजा फेब्रुवारीवर ढकलली, आणि अलिबागच्या कॉलेजात माझं बीएस्सीचं पहिलं वर्ष तर जुलैत सुरू होणार होतं.

आमच्याकडे अशा वेळी वस्तू माणसाबरोबर येते. मस्कतहून गावी कोण निघालंय हे आठ घरांना महिनाभर आधी कळतं, आणि त्याच्या सामानातल्या किलोंची वाटणी होते. या वेळी जिब्रानभाई येणार होते. त्यांच्या हातातल्या बॅगेत दोन किलोंची जागा अब्बांनी आमच्यासाठी मागून ठेवली होती.

त्याआधी आमचं रोजचं बोलणं दीड-दोन मिनिटांचं असे. "जेवलीस? अभ्यास चाललाय? अम्मीला दे." मग अम्मीशी पाण्याच्या टाकीचं, गॅसचं, कौलांचं बोलणं. मला त्यांच्याशी खूप बोलायचं असे, पण कुठून सुरू करावं ते कळत नसे. त्यांनाही कळत नसावं.

शुक्रवारी त्यांना सुट्टी असते. पहिल्या शुक्रवारी इथे साडेपाच आणि तिथे चार वाजले असताना व्हिडिओ कॉल आला. त्यात अब्बा नव्हते. दुकानातल्या एका लांब टेबलावर उघडे लॅपटॉप मांडलेले होते आणि कोपऱ्यात अब्बांचा अंगठा.

"दिसतंय काय, यशरा? हे बघ. हितं लिवलंय आठ जीबी. म्हणजे काय?"

"तो ओटा, अब्बा. एका वेळी किती भांडी मांडता येतील ते. आणि पाचशे बारा लिहिलंय ना, ते फडताळ."

त्यांनी अंगठा त्या आकड्यावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या अम्मीचा ओटा चार जीबीचा. दोन पातेली ठेवली की अडकतो."

आतून अम्मी ओरडली, "ऐकू येतंय मला! तिथं बसून माझा ओटा मोजतायत!"

त्या दिवशी आम्ही एकेचाळीस मिनिटं बोललो. कॉल संपल्यावर फोनवर तो आकडा येतो. मी तो पुन्हा उघडून पाहिला.

पुढच्या शुक्रवारी प्रोसेसर समजावताना ते अचानक म्हणाले, "माझं गणित चांगलं व्हतं. मास्तर घरी आले व्हते सांगायला, पोराला पुढं शिकवा म्हणून." हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मग काय. हा काळा कसा वाटतो?"

मला त्या 'मग काय'च्या पुढचं ऐकायचं होतं. म्हणून मी म्हटलं, काळ्याची बॅटरी कमी आहे. राखाडीची बिजागरी सैल वाटते. पुढच्या शुक्रवारी अजून बघू.

हेमांगी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या घरची होडी आहे. अलिबागला जाऊन तिने अर्ध्या तासात लॅपटॉप घेतला आणि परतताना वडापावही खाल्ला. माझी वहीतली तुलना बघून ती म्हणाली, "अगं, नवरा बघतेस की लॅपटॉप? अशाने दोन्ही म्हातारे होतील."

अम्मी चिडली नाही, पण चौथ्या शुक्रवारनंतर तांदूळ निवडताना म्हणाली, "जिब्रान पुढच्या रविवारी निघतोय. त्याच्यानंतर सणापर्यंत कुणी येत नाही. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं होतं. निवड झाली की दुकान संपणार आणि आम्ही पुन्हा दीड मिनिटावर येणार, हेही मला माहीत होतं.

पाचव्या शुक्रवारी अब्बांना दोन लॅपटॉप दोन हातांत धरून वजन बघायचं होतं. म्हणून त्यांनी फोन दुकानातल्या माणसाकडे दिला. त्याने तो दोन पावलं मागे नेला आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला अब्बा अख्खे दिसले. दाढी माझ्या आठवणीपेक्षा पांढरी होती. डाव्या पायाला चपलेपासून पोटरीपर्यंत पट्टी होती आणि ते सगळा भार उजव्या पायावर देऊन, तागडीसारखे हात पसरून उभे होते.

"पायाला काय झालं?"

"काय न्हाय. खोका पडला. तू हे बघ, डावा हलका हाय."

दुकानदार केरळचा असावा. तो फोनमागून म्हणाला, "बेटी, हर जुम्मा आता है. मैं कुर्सी देता, तो बैठता नहीं. बोलता है, बैठेगा तो बेटी को ऊपर का माल नहीं दिखेगा."

"तू गप रे," अब्बा त्याला मराठीत म्हणाले.

मी म्हटलं, "डावा. राखाडी. तोच."

"पण बिजागरी सैल म्हणालीस ना?"

"नाही. ठीक आहे ती."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दोन्ही लॅपटॉप हळूच टेबलावर ठेवले. कॅमेऱ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "समोर अजून एक दुकान हाय," ते म्हणाले. "मोठं हाय. बघायचं काय एकदा?"

तेव्हा मला कळलं की शुक्रवारची वाट बघणारी मी एकटीच नव्हते. हो म्हणायचं माझ्या तोंडाशी आलं. मी पट्टीकडे बघितलं.

"नको, अब्बा. बसा आता."

ते बसले. दुकानदाराने फोन परत दिला तेव्हा पडद्यावर एकदा छत आलं, मग कॉल संपला. नऊ मिनिटं.

जिब्रानभाईंनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आणला. चालू केला, सगळं ठीक होतं. पुढच्या शुक्रवारी साडेपाच वाजले आणि फोन आला नाही. येणारही नव्हता. पावणेसहापर्यंत मी वाट बघितली आणि मग स्वतः लावला. आपणहून मी त्यांना आजवर कधी फोन केला नव्हता.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले. "बिघडला काय?"

"नाही."

"मग? अम्मी बरी हाय ना?"

"सगळे बरे आहेत. तुम्ही बसलाय का?"

"पडलोय खोलीवर."

"मग बोला."

"काय बोलू?"

"ते मास्तर घरी आले होते, तेव्हा काय झालं?"

पलीकडे खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"माझे बाबा जाळं विणत बसले व्हते," अब्बा म्हणाले. "मास्तरांना पाट दिला..." मग थांबले. "तुला अभ्यास न्हाय काय?"

"आहे," मी म्हटलं. "पाट दिला, मग?"