माझ्यात नसलेला ण

मी एक जुना ठसा आहे. लाकडी, सागवानी, तळहाताएवढा.

मित्रांनो, हे वाक्य मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा सोडलं. आपली गोष्ट सांगणारी वस्तू आधी शान सांगते, मग हाल सांगते आणि शेवटी ऐकणाऱ्याला वाईट वाटायला लावते. माझे हाल झाले नाहीत. मला कुणी चुलीत घातलं नाही, उकिरड्यावर टाकलं नाही. वाईट वागलो तो मीच.

म्हणून शान पटकन उरकतो.

माझ्यावर नाव कोरलेलं आहे : किशन मुंजाजी रंगारी जिंतूर. एवढंच मला येतं. निजामाच्या राज्यात, जिंतूरच्या रंगारी गल्लीत, किशनराव आणि त्याचा बाप मुंजाजी जाजमं छापत. नक्षीचे ठसे आधी उठत. शेवटी कोपऱ्यात मी. धप्प. माझ्याशिवाय माल घराबाहेर पडत नसे. झाली शान.

आता तुम्हाला एक गोष्ट ठाऊक हवी. ठशावर अक्षरं उलटी कोरतात, आरशात दिसतात तशी. तेव्हा ती कापडावर सुलटी उठतात. ठसा कोरणाऱ्या सुताराला हे कळत होतं. किशनरावाला कळत होतं. मलाही कळत होतं.

मनकर्णाला कुणी सांगितलं नव्हतं.

मनकर्णा किशनरावाची बायको. जाजमावरची सगळी नक्षी तिची. हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं आणि घरात कुणी बोलत नसे. चुलीपुढे बसली की तिच्या हातात कोळसा यायचा. चिखलातलं कावळ्याचं पाऊल, तडकलेला रांजण, अर्धं उमललेलं कापसाचं बोंड, जे दिसेल ते जमिनीवर उतरायचं आणि तव्यावरची भाकरी करपायची.

"सूनबाई, आज बी कोळसाच वाढायलीस का?" मुंजाजी ताटावरून ओरडायचा.

"एकच बाजू करपली, मामाजी."

"मंग दुसरी बाजू वर करून वाढावं की!"

किशनराव ती नक्षी कागदावर उतरवून घ्यायचा आणि सुताराकडे न्यायचा. ठसा तयार होऊन यायचा. मग ती नक्षी किशनरावाची होई.

छापून झालं की ठसे धुण्याचं काम मनकर्णाकडे. सगळ्यांत शेवटी ती मला धुवायची, पुसायची आणि मांडीवर घ्यायची. पुरुष ओढ्यावर गेलेले असत. ती माझ्यावरून बोट फिरवायची आणि पुटपुटायची, "कि-श-न. मुं-जा-जी." नाव तिला पाठ होतं, खुणा माझ्यावर होत्या. तिनं जोड्या लावल्या. रं आणि री शेजारी धरून तिनं शोधलं की ठिपका वेगळा, वेलांटी वेगळी, आणि दोन्ही काढले की उरतो तो र. कुणी शिकवलं नाही. मित्रांनो, असं डोकं मी पुन्हा पाहिलं नाही.

आणि ते डोकं मी उलटं भरलं.

तुम्ही विचाराल, तिनं छापलेलं नाव कधी पाहिलं नाही का? नाही पाहिलं. आम्ही तुरटीच्या पाण्यात बुडून कापडावर उठतो, तेव्हा कापडावर काहीच दिसत नाही. ओढ्यावरच्या कढईत लाल रंगात उकळल्यावर नाव उमटतं. तिथं पुरुष असत, आणि तयार माल तिथूनच घडी होऊन दुकानात जाई. शंका यायला एकच जागा होती, की मी उजवीकडून सुरू होतो. पण चावडीवरचा कारकून उर्दू लिहायचा तोही उजवीकडूनच. तिनं ते दारातून पाहिलं होतं. सरकारच तसं लिहितं म्हटल्यावर शंका कशाची?

(लाकडाला तोंड नसतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण आज बोलतोच आहे की. तेव्हा का नाही बोललो? मला त्या मांडीवर बरं वाटायचं, म्हणून. हे कंसात ठेवतो. मोठ्यानं सांगवत नाही.)

सन १३५० फसली. तुमच्या हिशेबानं १९४१.

परभणीचे कापडाचे व्यापारी सिद्रामप्पा आमच्या घरी आले. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, हातात कागद-पेन्सिल. बोंडांच्या वेलीचं जाजम त्यांना हैदराबादेत मोठ्या नुमाईशीत, म्हणजे प्रदर्शनात, मांडायचं होतं. व्यापाऱ्याला बघायला गल्ली ओसरीवर जमली.

"ही वेल कोणाच्या डोक्यातली?" सिद्रामप्पांनी विचारलं. "जाजमाला चिठ्ठी लावायची हाय. नक्षी करणाऱ्याचं नाव पाहिजे."

किशनरावानं बापाकडं पाहिलं. मग, त्याचं चांगलं तेवढं सांगायला हवं, तो हळूच म्हणाला, "नक्षी हिची हाय."

मुंजाजी उसळला. "येडा झालास का? जाजमावर लोक बसतेत! घरच्या सुनंच्या नावावर बसवायलास?"

"चिठ्ठी वर लावू, मुंजाजीराव, खाली न्हाई," सिद्रामप्पा हसून म्हणाले. मग दाराकडे वळले. "लेकी, नाव लिहिता येतं का? येत असलं तर तुझ्या हातचंच लावतो."

मनकर्णा दाराआडून बाहेर आली. पदर सावरला आणि म्हणाली, "येतंय."

त्या एका शब्दात माझ्यावर बोट फिरवल्याची चार वर्षं होती.

तिनं कागद जमिनीवर ठेवला. उजवीकडून सुरुवात केली. एकेक अक्षर टपोरं. म. न. क. र. न. आणि काना. प्रत्येक अक्षर मागं तोंड करून उभं होतं.

सिद्रामप्पांनी कागद हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. "ही कोणती लिपी म्हणायची?"

किशनरावानं डोकावून पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. शेजारची बायनाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "हडळीचे पाय उलटे असतेत म्हणं, हिची तर अक्षरं उलटी!" मग तर हसणं आवरेना.

मनकर्णाला काय चुकलं ते कळलंच नाही. ती एकदा कागदाकडं बघे, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडं. मग कागद तसाच सोडून आत गेली.

मी तिथंच होतो. कोनाड्यात.

नुमाईशीला जाजम गेलं. कोपऱ्यात कुणाचं नाव होतं? माझ्यावर आहे तेच. मीच उठलो त्याच्यावर. धप्प.

त्यानंतर भाकऱ्या करपल्या नाहीत. एकही नाही. गोल, पांढऱ्या, दोन्ही बाजूंनी नीट भाजलेल्या. मुंजाजी चार दिवस खूश होता. पाचव्या दिवशी ताटाकडं बघत बसला. नवी नक्षी बंद झाली. मला धुताना ती आता माझ्याकडं बघत नसे, पालथा ठेवून द्यायची. मला ते...

मला ते बरंच वाटलं. चेहरा लपायचा.

दिवाळीआधी घराला चुना दिला. तेव्हा जुन्या ठशांची झीज बघायची रीत आहे; माझी पाळी त्या वर्षी पहिल्यांदाच आली. काजळ लावून ते भिंतीच्या कोपऱ्यात उठवून बघतात. किशनराव तिला म्हणाला, "तेवढे बघून ठेव," आणि ओढ्यावर गेला. तिनं वेल उठवली, बोंड उठवलं. मग मला उचललं, काजळ लावलं आणि भिंतीवर दाबलं.

पांढऱ्या चुन्यावर काळं नाव, डावीकडून उजवीकडं.

तिनं मला भिंतीशेजारी धरलं. माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. पुन्हा माझ्याकडं. मग खाली बसली.

"घात केलास की रे," ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही. घरच्या माणसाशी बोलतात तसं. चुलीत टाकलं असतं तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं. तिनं मला टाकलं नाही. तिनं वेलीचा एक झिजलेला ठसा घेतला, दगडावर घासून सपाट केला, आणि ठसे दुरुस्त करायची बारीक पटाशी काढली. उलटी अक्षरं लिहायला तिच्याइतका सरावलेला हात साऱ्या जिंतुरात नव्हता.

पुढच्या जाजमावर मी उठलो, आणि पुरुष जेवायला बसले तेव्हा माझ्या शेजारी तिच्या ठशातून ती उठली. तुरटीचं पाणी. कुणाला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी किशनराव ओढ्यावरून पळत आला. खांद्यावर ओलं जाजम, मागून धापा टाकत मुंजाजी. तयार माल पहिल्यांदाच घरी येत होता. किशनरावानं ते अंगणात अंथरलं. कोपऱ्यात लालभडक, सरळ, ठसठशीत नाव होतं : मनकरना.

बायनाबाईनं भिंतीवरून डोकं वर काढलं आणि परत खाली घेतलं.

"मी हसलो होतो," किशनराव म्हणाला. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "यात ण पाहिजे होता. मनकर्णात ण असतो."

"कोणता ण?"

त्यानं ओल्या कापडावर बोटानं काढून दाखवला. तिनं तो नीट पाहून घेतला. मग मान वळवून कोनाड्याकडं पाहिलं.

"ह्यो मला कुठं दिसलाच न्हाई," ती म्हणाली.

बरोबर आहे. माझ्यात ण नाहीच. किशन मुंजाजी रंगारी जिंतूर. वाटलं तर शोधा.

मुंजाजीला अंगण ओलांडून घरात यायचं होतं. जाजमाच्या मधून सरळ वाट होती. तो त्या कोपऱ्याला वळसा घालून आला.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं म्हणतात. माझी निगा राखा, असं मागायला माझी जीभ धजत नाही. तुमच्या घरात कुणीतरी असेल, जे तुम्हाला न सांगता तुमच्याकडं बघून गिरवत असेल. कोळशानं, बोटानं, कशानंही. त्याला हसू नका. शेजारी जाऊन बसा. तुमची अक्षरं कोणत्या बाजूला तोंड करून उभी आहेत ते आधी सांगा. आणि त्याच्या नावातलं एखादं अक्षर तुमच्याकडं नसेल, तर तेही सांगा. म्हणजे तो ते दुसरीकडं शोधेल.

तिचा ठसा आता माझ्या शेजारी कोनाड्यात असतो. मी पालथा. ती उताणी.