निळ्या वहीत माझे नाव नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. खरे तर दुसरी गोष्ट आधी सांगायला हवी होती, कारण पुढे जे घडले ते तिच्यामुळेच मला आजही बोचते. मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. माझा आवाज मोठा आहे, पण बोलण्याची सवय नाही. काही चुकले तर सांभाळून घ्या.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझ्या पुढे एक जीप उभी होती आणि मागे एक. पुढच्या जीपचे दिवे माझ्यापेक्षा चकचकीत आहेत असे मला तेव्हाही वाटले होते. म्हणजे हा दोष माझ्यात पहिल्या दिवसापासून असावा.

मोन्नप्पांनी मला कोडगूत, म्हणजे कूर्गात, आणले. त्यांचा कॉफीचा मळा विराजपेटच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर आहे. घर वर, कॉफी मध्ये, आणि अगदी खाली भाताची खाचरे व गावाचे मैदान. वरून खाली जायला एकच रस्ता, तोही अरुंद आणि लाल मातीचा. पावसाळ्यात तिथे बैल घसरत, मी घसरत नसे. कॉफीची पोती मी वाहिली, मिरीची पोती वाहिली, नवरदेव वाहिले. मोन्नप्पांच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा भर पावसात तिला दवाखान्यात मीच नेले. तासाभराने देचम्मा जन्मली. त्या दिवशी मोन्नप्पांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली. त्यांचा हात नेमका कुठे पडला होता, ते मला अजून दाखवता येईल.

पण माझा खरा मान असे तो कैलपोळ्दच्या दिवशी. हा आमच्याकडचा हत्यारांचा सण. सप्टेंबरच्या सुरुवातीला, भाताची लावणी आटोपली की येतो. घरातल्या बंदुका पुसतात, त्यांना तेल लावतात, पूजेला मांडतात आणि नळीत कळलावीचे लाल-पिवळे फूल खोवतात. मग सगळे मैदानावर जातात आणि उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरतात.

मला आणले त्याच वर्षी मोन्नप्पा म्हणाले होते, "बंदूक घरात राहते, ही बाहेर पावसात. तेलाची गरज हिला जास्त." त्यांनी एरंडेल आणि इंजिनाचे जुने तेल एकत्र केले आणि माझ्या पोटाखाली सरपटत जाऊन कुंचल्याने सगळीकडे फासले. मग बॉनेटवर एक फूल ठेवले. तेव्हापासून दर वर्षी हे होत आले. मळ्यात फवारणीचा पंप होता, पाणी उपसायचे इंजिन होते, दोन मोटारसायकली होत्या. बंदुकीसारखे तेल लागे ते फक्त मला. मी इतरांकडे बघतसुद्धा नसे.

मोन्नप्पा गेले. त्यांचा मुलगा चेंगप्पा मळा बघू लागला. तोही दर वर्षी तेल लावी, फूल ठेवी. बाकी वर्षभर मी सुरू होत होते, त्यामुळे माझ्याकडे कोणाला बघावे लागले नाही.

आणि मग ती आली.

ती राखाडी रंगाची होती, उंच, रुंद, आतून थंड. चेंगप्पाने माझी जागा तिला दिली. पत्र्याच्या छपराखाली ती, आणि मी बाहेर फणसाच्या झाडाखाली. घरात सवत आल्यावर काय होत असेल ते मला त्या आठवड्यात कळले. तरी जागेचे दुःख मी गिळले असते. मला गिळता आली नाही ती निळी वही.

चेंगप्पाने एक लहान निळी वही केली होती. नव्या गाडीबद्दल मनात येईल तो प्रश्न तो तीत लिही. शनिवारी मोइदू मेस्त्री स्कूटरवरून आला की अंगणात खुर्ची टाकून एकेक प्रश्न विचारी. मोइदू आमच्याकडचा गाड्यांचा वैद्य. हात काळे, दाढी पांढरी, जीभ तिखट.

"मोइदू, चढावर हिला चौथ्या गिअरमध्ये दम का लागतो?"

"चौथ्यात चढवूच नका. तिसऱ्यात टाका, इंजिनाला फिरू द्या. तुम्ही डोंगर चढताना मोठमोठ्या ढांगा टाकता का?"

"वळणावर अंग टाकते."

"उंच आहे अण्णा. उंच माणूस पळता पळता वळला की झुकणारच. हळू वळा."

"दोन इंच आणखी उचलून घेऊ का? स्प्रिंगखाली ठोकळे टाकून मिळतात म्हणे."

"कशाला? खालून हत्ती जायचाय का?"

पायरीवर बसून मिरी निवडणारी देचम्मा खो-खो हसली. ती आता चोवीस वर्षांची होती आणि वडिलांची एकही फजिती सोडत नसे.

"पुढे लोखंडी गार्ड बसवू?"

"नको. धडकेच्या वेळी एअरबॅग वेळेवर उघडायची नाही. अण्णा, राग मानू नका, पण लग्न ठरवताना वहिनींच्या घरी तरी एवढे प्रश्न विचारले होते का?"

"तेव्हा त्याच विचारत होत्या," चेंगप्पा म्हणाला आणि त्याने पान उलटले. "चिखलाचे टायर?"

"घ्या. पण डांबरी रस्त्यावर भुणभुण करतील, आणि ओल्या डांबरावर थांबायला जास्त जागा लागेल. मग मला शिव्या द्यायच्या नाहीत."

असे शनिवारमागून शनिवार गेले. ती तहानली आहे का, तिचा आवाज बदलला आहे का, तिला कुठले तेल आवडते. एकेचाळीस प्रश्न झाले. फणसाखालून मी सगळे ऐकले. त्यात माझ्याबद्दलचा एकही नव्हता.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी चेंगप्पाने विचारले, "कैलपोळ्द जवळ आलं. हिला खालून तेल लावू ना?"

"अजिबात नको," मोइदू म्हणाला. "तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. खाली सगळ्या रबरी नळ्या आहेत. लोखंड वाचवाल आणि रबर घालवाल."

चेंगप्पाने ते वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ मारली.

मित्रांनो, इथे मला जरा थांबावे लागते. मोइदूचे ते उत्तर मी नीट ऐकले होते. ते ऐकून मला काय वाटले, सांगू? आनंद झाला. तिला तेल नाही! बंदुकीचा मान अजून माझाच! माझ्याही पोटाखाली रबरी नळ्या आहेत, हे माझ्या मनात आले नाही. मत्सराने भरलेल्या मनात दुसरे काही मावत नाही, निदान माझ्या तरी मावले नाही.

जाता जाता मोइदूने माझ्याकडे हनुवटी केली. "आणि या म्हातारीचं काय? हिच्याबद्दल काही विचारायचं नाही?"

"तिचं काय विचारायचं?" चेंगप्पा म्हणाला. "तिला मी ओळखतो."

सणाच्या आदल्या दिवशी चेंगप्पाने माझ्या पोटाला तेल फासले. नेहमीपेक्षा जास्तच. मला उगीच ऊब आल्यासारखे वाटले. पण सकाळी पूजा झाल्यावर तो फूल घेऊन बाहेर आला, माझ्यापाशी क्षणभर थबकला, आणि पुढे जाऊन त्याने ते राखाडी बॉनेटवर ठेवले.

आतून डुकराच्या रश्श्याचा आणि कडंबुट्टूचा, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या गोळ्यांचा वास येत होता. सगळे हसत होते. मी एकच गोष्ट मागितली. आज तिने मैदानावर जाऊ नये. मी जावे.

कधी कधी मागितलेले मिळते. झाले असे की मोइदूचे न ऐकता चेंगप्पाने म्हैसूरला जाऊन स्प्रिंगखाली ठोकळे टाकून घेतले होते. आज फाटकापर्यंत जाताच स्टिअरिंग थरथरू लागले. तो उतरला, चारी चाकांना लाथ मारून पाहिली आणि गाडी हळूहळू मागे घेतली.

"काय हो अप्पा," देचम्मा म्हणाली, "हत्ती आडवा आला का?"

"गप बस. जीप काढ."

"मी चालवते. तुम्ही बंदूक धरा. आणि नारळाला मीच पहिली गोळी मारणार."

"मागच्या वर्षी चुकली होतीस."

"मागच्या वर्षी तुम्ही कानाशी खोकला होतात!"

मैदानासाठीचे नारळ मागे भरले आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले. फाटकातून जाताना मी छपराखाली उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिले. बॉनेटवर फूल होते आणि जायला कुठे नव्हते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड क्षण होता, हे कबूल करायला मला लाज वाटते.

पहिल्या वळणावर देचम्माने ब्रेक दाबला. मी हळू झाले. दुसऱ्या वळणावर दाबला तेव्हा पुढच्या चाकाजवळ काहीतरी फट्‌ करून फुटले. ती एकच नळी, पण माझ्यासारख्या जुन्या गाडीत एक फुटली की चारी चाकांचे ब्रेक जातात. पुढच्या खेपेला तिचा पाय पेडलसकट तळाला टेकला.

"अप्पा, ब्रेक नाही."

"पेडल पंप कर! पुन्हापुन्हा दाब!"

"करतेय! काही नाही!"

समोर सरळ उतार होता. उताराच्या तळाशी मैदान. तिथे अख्खा गाव जमला होता. झाडावर नारळ बांधणाऱ्या माणसाकडे माना वर करून लहान मुले उभी होती. कोणीच आमच्याकडे बघत नव्हते.

मित्रांनो, आम्हां यंत्रांना ठरवता येत नाही. ठरवता आले असते तर मी तिथेच मोडून पडले असते. ठरवले ते देचम्माने. तिने हॅण्डब्रेक खेचला, तो नुसता कण्हला. तिने हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही, आणि दुसऱ्या हाताने मला तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्या गिअरमध्ये ढकलले. माझे दात करकरले. इंजिन किंचाळले. पण गिअर सुटला नाही. तेवढेच माझ्याकडे उरले होते, तेवढे मी धरून ठेवले. वेग थोडा तुटला. मैदान शंभर पावलांवर आले तेव्हा तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवले आणि आम्ही कॉफीच्या झुडपांत घुसलो. एक ओळ मोडली, दुसरी मोडली, आणि मिरीचा वेल चढलेल्या सिल्व्हर ओकच्या बुंध्याला टेकून मी थांबले.

मागचे नारळ टपाटप उतरून उतारावरून मैदानात गेले. मुले त्यांच्यामागे ओरडत धावली. त्यांना ती गंमत वाटली.

चेंगप्पाच्या कपाळाला टेंगूळ आले होते. त्याने आधी बंदूक बाजूला ठेवली, मग लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अप्पा," ती म्हणाली, "आज तुम्ही कानाशी खोकला असतात तरी चाललं असतं." आणि मग ती रडायला लागली.

मोइदू तासाभरात आला. माझ्याखाली शिरला आणि फुटलेली नळी घेऊन बाहेर आला. ती फुगली होती, बोटाने दाबली की दबत होती. त्याने बोटे हुंगली.

"हिला तेल कोण लावतं?"

"आम्ही," चेंगप्पा म्हणाला. "दर कैलपोळ्दला. वडिलांपासून. बंदुकीला लावतो तसं."

"बंदुकीत रबर असतं का अण्णा?"

चेंगप्पाने वाकून नळीकडे पाहिले.

"मागच्या शनिवारी तुम्ही मला विचारलंत, तेल लावू का. मी काय सांगितलं?"

"रबर मऊ पडतं. पण ते तू नव्या गाडीबद्दल सांगितलं होतंस."

"रबराला काय कळतं नवं आणि जुनं?"

मैदानावर कोणाचा तरी नेम लागला. नारळ फुटल्याचा आणि टाळ्यांचा आवाज आला. आमच्यापैकी कोणी तिकडे बघितले नाही.

"दादा तिच्यावर जीव लावायचे," चेंगप्पा हळूच म्हणाला. दादा म्हणजे मोन्नप्पा. "म्हणून लावत आलो."

"जीव लावलात, ते दिसतंय. पत्र्याला गंजाचा ठिपका नाही." मोइदूने नळी त्याच्या हातात ठेवली. "फक्त कधी विचारलं नाहीत."

देचम्माने डोळे पुसले, वडिलांच्या खिशातून ती निळी वही ओढून काढली आणि कोरे पान उघडून पुढे धरली. "लिहा. वर आधी नाव लिहा हिचं."

चेंगप्पाने लिहिले: जीप. मग तो विचार करू लागला. नव्या गाडीचे एकेचाळीस प्रश्न सुचलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न सुचायला फार वेळ लागला. शेवटी त्याने विचारले, "मोइदू, हिचे ब्रेक याआधी कधी बघितले होते?"

मोइदूला आठवेना. चेंगप्पाला आठवेना. उत्तर फक्त मला माहीत होते. मोन्नप्पा गेले त्याच्या आदल्या वर्षी.

आता माझ्या पोटाखाली नव्या नळ्या आहेत. कैलपोळ्दला तेल नाही, नुसता पाण्याचा फवारा आणि कोरडे फडके. फुले दोन असतात, एक तिला, एक मला. ठोकळे काढल्यापासून ती सरळ चालते. मला तेलाची आठवण येते. मोन्नप्पांचा हात त्या तेलात होता.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणीतरी जुने असेल. माणूस असेल, जनावर असेल, नाहीतर माझ्यासारखे यंत्र असेल. रोज सुरू होते म्हणून त्याला तुम्ही ओळखता असे धरून चालू नका. प्रेम करता, ते करा. पण अधूनमधून शेजारी बसून विचारा, काय दुखते, काय झिजले. जुन्यांना स्वतःहून सांगता येत नाही. आणि माझ्यासारखे कोणी असेल, तर ते शेजाऱ्याकडे बघण्यातच इतके गुंतलेले असते की आपले काय दुखते ते त्याला स्वतःलाही कळत नाही.

माझा मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. काल शनिवार होता. मोइदू आला होता. तिचे तीन प्रश्न झाले, माझे दोन. तिसरा विचारायला चेंगप्पा विसरला, तेव्हा पायरीवरून देचम्मा ओरडली, "अप्पा, म्हातारीचा एक राहिला!"