श्रावणातला बलक

माझं डोकं तापट आहे, आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा. पण त्या सोमवारी मी तापले ती उगाच नाही. चौऱ्याऐंशी सालचा श्रावण होता, आणि मी सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होते. केमिस्ट कसली, बी.एस्सी. होऊन अंडी फोडतेस, असं माझा भाऊ चिडवायचा. तेही काही खोटं नव्हतं.

आमचं काम बलकातून लेसिथिन काढायचं. लेसिथिन म्हणजे अंड्यातलं एक स्निग्ध द्रव्य. बलक ॲसिटोनमध्ये ढवळला की तेल वर राहतं आणि लेसिथिन तळाला चिकट गोळा होऊन बसतं. तो गोळा अल्कोहोलमध्ये विरघळवायचा आणि पांढऱ्या पावडरीने भरलेल्या उभ्या काचनळीतून थेंब थेंब उतरवायचा. घाण पावडरीत अडकते, शुद्ध ते खाली येतं. मुंबईचे एक डॉक्टर त्याचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे करायचे, त्यांत औषध भरायचे आणि रोग्याच्या शिरेत सोडायचे. नुसतं औषध दिलं तर मूत्रपिंडं जायची, बुडबुड्यातलं सोसायचं. तेव्हा हा सगळा प्रयोगच चालला होता.

आमचे शेठ तसे सज्जन, पण देवभोळे. पुढच्या फाटकाशीच त्यांनी महादेवाचं देवघर बांधलेलं, म्हणून अंडी मागच्या फाटकाने यायची. अंडी फोडणाऱ्या भागीबाई आणि चिमणाबाई मागच्या फाटकाने, आणि अंगाला वास येतो म्हणून मीसुद्धा. आम्ही कुठल्या वस्तीतून येतो हे शेठना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे वास नेमका कशाचा येत होता ते मी कधी विचारलं नाही. पण मनात राग साठतच होता.

त्या वर्षी शेठनी फर्मान काढलं की श्रावणभर कारखान्यात अंडं नको. मागच्या फाटकाला कुलूप लागलं, किल्ली शेठच्या घरी गेली, दोघी बायांना महिनाभर घरी बसवलं. मला मात्र पुढच्या फाटकाने यायची मुभा मिळाली, केवढे उपकार! महिनाभराचं लेसिथिन आम्ही आषाढातच काढून ठेवलं होतं. ते थंडीत ठेवायला हवं. पण फ्रिजमध्ये अभिषेकाचं दूध असायचं, त्याच्या शेजारी अंड्याची वस्तू कशी ठेवणार? म्हणून डबे मागच्या शेडमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली राहिले. मी कानीकपाळी ओरडले. महिनाभराने काय होतंय, असं उत्तर मिळालं.

शनिवारी डबे उघडले आणि जुन्या खोबऱ्यासारखा खवट भपकारा आला. तरी मी ते सगळं नळीतून उतरवलं. खाली आलं ते पांढरं स्वच्छ, वासही गेला. मग चिमूटभर घेऊन त्यात आयोडाइड टाकलं. माल चांगला असेल तर रंग बदलत नाही. हा क्षणात तपकिरी झाला. खवटपणा नजरेआड झाला होता, गेला नव्हता.

शेठनी चंचुपात्र उजेडात धरलं आणि म्हणाले, पांढरंशुभ्र तर आहे, बाटलीत भरा आणि पास म्हणून सही करा. सोमवारी संध्याकाळी मुंबईचा माणूस बाटली न्यायला येणार होता. तिकडे एक बाई वाट बघत अंथरुणाला खिळली होती, तिच्या रक्तात बुरशी पसरलेली. बाटली मिळाली नाही तर डॉक्टर माल परदेशातून मागवणार, म्हणजे आमची शेड कायमची बंद. मला हे सगळं कळत होतं. म्हणूनच मी शेठच्या हातातून चंचुपात्र घेतलं आणि त्यांच्यादेखत मोरीत ओतलं. आता ते पाठवायचं म्हटलं तरी कुणाला पाठवता येणार नव्हतं. शेठ लालबुंद झाले.

सोमवारी सकाळी भागीबाई आणि चिमणाबाईला घेऊन मी द्वारका चौकात गेले. श्रावणात गिऱ्हाईक नाही, मोतीराम अंडेवाला माशा मारत बसलेला. एकेक अंडं पाण्यात सोडून पाहिलं, तळाला बसली तेवढीच ताजी घेतली. रिक्षा थेट पुढच्या फाटकाशी उभी केली. दुसरं फाटक होतंच कुठे?

शेठ नुकतेच त्र्यंबकेश्वरहून आलेले, कपाळाला भस्म, हातात बेलाचं तबक. ट्रे बघून ते वाटेत आडवे उभे राहिले.

"हे आत गेलं तर उद्यापासून तुम्ही येऊ नका, बाई."

"उद्याचं उद्या बघू," मी म्हटलं. "शेठ, तुमचा श्रावण तुम्ही पाळा. त्या बाईच्या शिरेत खवट माल जाऊ नये, हे मी पाळते. बाजूला व्हा."

ते हलले नाहीत. मग त्यांच्या बाजूने जेवढी जागा होती तेवढ्यातून मी गेले. मागून भागीबाई पुटपुटली, "पोरी, आज काय खरं नाय." पण तीही आत आली, डोक्यावर ट्रे घेऊन. चिमणाबाईचा पदर तबकाला लागला असावा, बेलाची पानं खाली पडली. शेठ वाकून ती उचलत बसले.

दिवसभर आम्ही पाणीसुद्धा प्यायलो नाही. बलक, ॲसिटोन, गोळा, नळी. थेंब घाई करत नाहीत, तुम्ही कितीही चरफडा. संध्याकाळी मुंबईचा माणूस येऊन बसला तेव्हा मी आयोडाइड टाकलं आणि बघत राहिले. रंग बदलला नाही. बाटली भरली, सही केली, हातात दिली. ती बाई पुढे वाचली का, मला कधी कळलं नाही. पण आमच्या बाटलीने तिला अपाय झाला नाही, हे मी छातीठोक सांगते.

मंगळवारी मी गेलेच. दोघी बाया अंड्यांचे नवे ट्रे घेऊन फाटकाबाहेर रिक्षापाशी थांबल्या. हाकलायचं असेल तर तोंडावर हाकलू देत. देवघरात शेठ पाठमोरे बसून घंटा वाजवत होते. वॉचमन पुंजाराम माझ्यापाशी आला, नजर खाली. त्याने मागच्या फाटकाची किल्ली पुढे केली. नोकरी राहिली आहे, अंडीही आणा म्हणाले, पण तिघींनी मागून यायचं, असा निरोप होता.

म्हणजे शेठचा श्रावण मोडला तरी चालणार होता. आमचं पुढून येणं तेवढं चालणार नव्हतं.

मी किल्ली घेतली. देवघराच्या भिंतीला एक खिळा होता, त्याला ती अडकवली. घंटा थांबली, शेठनी वळून पाहिलं. मी भागीबाई आणि चिमणाबाईला हाक मारली, आणि आम्ही तिघी अंड्यांचे ट्रे घेऊन त्यांच्या समोरून, पुढच्या फाटकाने आत गेलो.